टॉवरकडे पाठ केलेला अँटेना

मी विज्ञान शिकवतो. आठवी ते दहावी, बावीस वर्षं झाली. शाळेत एखाद्या पोरीच्या अंगात आलं की मला बोलावतात आणि मी तिला साखरपाणी पाजून घरी पाठवतो, अशी माझी ख्याती. आमच्या यवतमाळच्या घरी वडील सरकारी कारकून, काका वकील. देव होते, पण आंघोळीनंतरच्या पाच मिनिटांपुरते. करणी-भूतबाधा असले विषय निघाले की वडील पेपर उघडून त्यामागे लपायचे. त्यामुळे हे लिहिताना मलाच चोरी केल्यासारखं वाटतंय... पण लिहितो. एक आभार मानायचे राहून गेलेत आणि ते पोचवायला दुसरा पत्ता माझ्याकडे नाही.

गुलाबी बोंडअळीनं कपाशीचं वाटोळं केलं, त्या दिवसांतली गोष्ट. माझी शाळा घाटंजीच्या दक्षिणेला, नऊ किलोमीटरवर. शाळेला लागून बंजाऱ्यांचा तांडा आहे. तिथे उत्तमभाऊ राठोडांच्या घरात मी एक खोली भाड्यानं घेतली होती, कारण बायको आणि मुलगी यवतमाळला. घरात उत्तमभाऊ आणि सुनीतावहिनी, दोघंच. उत्तमभाऊंची आई मी राहायला यायच्या तीनेक महिने आधी वारली होती. आईला गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, याडी म्हणतात, आणि या बाईला सगळा तांडाच याडी म्हणायचा. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, फोटोतसुद्धा नाही.

तांड्यात मोबाईलला रेंज नव्हती म्हटलं तरी चालेल. आणि नेमकी तेव्हा शाळेची सगळी माहिती ऑनलाईन भरायची टूम निघालेली. कोणत्या पोराचा जन्म कधीचा, आज खिचडी किती जणांनी खाल्ली... सगळं. मी रोज संध्याकाळी गावाच्या पाण्याच्या टाकीवर चढून ते भरायचो. पोरं खालून ओरडायची, "सर, उतरा, जेवाले चला." शेवटी ठरवलं, घरावर बाहेरचा अँटेना लावायचा.

आता विज्ञानाचा मास्तर अँटेना घेणार म्हटल्यावर तो सरळ दुकानात जाऊन घेईल होय? पंधरा दिवस मी वहीत आकृत्या काढत होतो. चुंबकाच्या बुडाचा छोटा दांडा स्वस्त, पण तो चारी दिशांना सारखंच ऐकतो. म्हणजे जवळ टॉवर असेल तर ठीक, नऊ किलोमीटरला त्याचा काय पाड? मग माशाच्या काट्यासारखा दिसणारा लांब अँटेना. तो एकाच दिशेला कान लावून बसतो, लांबचं ऐकतो, पण एकाच फ्रिक्वेन्सीचं. कंपनीनं उद्या फ्रिक्वेन्सी बदलली की बसा बोंबलत. म्हणून मी तिसरा निवडला. तोही काट्यासारखाच, पण एका टोकाला काड्या आखूड आणि दुसरीकडे लांब होत गेलेल्या, म्हणजे सगळ्या फ्रिक्वेन्सी चालतात. केबल मुद्दाम पाचच मीटर, चांगल्यातली, कारण केबल जितकी लांब तितका सिग्नल वाटेतच जिरतो. बरोबर सिमकार्डवर चालणारा राउटर. लाईटचा भरवसा नाही म्हणून उत्तमभाऊंनी फवारणीच्या पंपाची एक जास्तीची बॅटरी दिली. राउटरही बारा व्होल्टचा, बॅटरीही बाराची. छान जमलं.

मी त्यांना फोनवर सिग्नलचे आकडे दाखवत होतो. उणे एकशे तेरा वाईट, उणे पंच्याण्णव चांगला.

"म्हंजे चांगल्यालेही उणंच म्हंते काय तुमची मशीन?" उत्तमभाऊ म्हणाले. "आमच्या सासऱ्यावाणी हाय."

घराच्या भिंतीला जुन्या टीव्हीच्या अँटेनाचा लोखंडी पाईप होता, पत्र्यापेक्षा पुरुषभर उंच. त्यावरच बसवायचं ठरलं. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी शिडी लावून चढलो. घरात कुणी नव्हतं, दोघंही शेतात. अडचण अशी की राउटर खाली खोलीत, रेंज किती आली ते त्याच्यावरच्या तीन दिव्यांवरून कळायचं, आणि पत्र्यातून वायफायही वर येत नव्हतं. एकदा फिरवा, उतरा, बघा, चढा. तीन फेऱ्यांत माझ्या पिंडऱ्या भरून आल्या.

चौथ्यांदा चढून पाईप घाटंजीच्या टॉवरकडे, म्हणजे उत्तरेला धरला, तर खालून आवाज आला, "गो."

म्हातारीचा आवाज. बारीक, पण खणखणीत. मला वाटलं, शेजारची कुणीतरी आजी दारात उभी राहून दिवे बघतेय. तेवढी गोरबोली मला येत होती. गो म्हणजे गेलं, आयो म्हणजे आलं. मला बरंच वाटलं. मी पाईप जरा फिरवला.

"गो... गो..."

फिरवत फिरवत अँटेनाचं तोंड पार दक्षिणेला गेलं, जिकडे नुसतं सागाचं रान आणि टेकड्या. तेव्हा ती म्हणाली, "आयो. बस, हात काढ."

मी वरूनच हसून म्हटलं, "आजी, तिकडे टॉवर नाही हो. टॉवर घाटंजीला." आणि पाईप परत उत्तरेला फिरवून पक्का आवळला. खालून मग काही आवाज आला नाही. उतरलो तर अंगणात दोन कोंबड्या. आत राउटरवर एक दिवा लागलेला. एक तर एक, मी खूश. दक्षिणेला किती लागले होते, ते काही मी बघितलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते काय उगाच?

संध्याकाळी जेवताना मी सहज वहिनींना विचारलं, दुपारी कोणती आजी आली होती. वहिनींचा भाकरीवरचा हात थांबला. "काय म्हने ते?"

मी सांगितलं. वहिनी उत्तमभाऊंकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "याडीले टीव्हीचा लय शौक होता, सर. रविवारी पिक्चर पाहाले सारा तांडा आंगनात. हे वर चढून पाईप फिरवत, अन् याडी दारात उभी राहून सांगे, गो, गो, आयो. दुसऱ्या कोनाले सांगूच देत नव्हती."

उत्तमभाऊ ताट तसंच ठेवून उठले आणि बैलांकडे गेले. मला अपराधी वाटलं. आवाज तांड्यातल्या कुणाचाही असू शकतो, असं मी वहिनींना समजावलं आणि स्वतःलाही.

त्यानंतर महिनाभरानं आलेला तो रविवार.

त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेलेली. अळी कशानं मरत नव्हती, म्हणून सगळे दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळून मारत होते. तोंडाला गमछा, बस. औषध नाकाच्या उंचीवर उडायचं आणि माणूस त्याच धुक्यातून चालायचा. उत्तमभाऊ सकाळी फवारायला गेले आणि अकराच्या सुमारास परत आले ते झोकांड्या खातच. ओट्यावर बसले. अंगाला घाम, तोंडातून लाळ, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

"मले दिसून नाही राह्यलं, सुनीता," एवढंच म्हणाले आणि ओकले.

शेजारची जीप निघाली. वहिनी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. वहिनींचा भाऊ विनोद माझी मोटारसायकल घेऊन मागे गेला. मी घरी थांबलो, जनावरं होती म्हणून. खरं सांगायचं तर मला काही सुचत नव्हतं.

साधारण दीड वाजता राउटरच्या वायफायवर फोन वाजला. विनोद यवतमाळच्या दवाखान्यातून बोलत होता. "सर, डॉक्टर विचारून राह्यले, कोनतं औषध होतं. इथं कोनालेच मालूम नाही. भाऊ तं बोलतच नाहीत आता. गोठ्यात बाटल्या असतीन, फोटो पाठवा. लवकर पाठवा, सर, डॉक्टर म्हनते का..."

फोन कटला. बघतो तर वायफायच्या चिन्हावर फुली. लाईट सकाळपासून नव्हती, टॉवरही इतका वेळ त्याच्या बॅटरीवर चाललेला असणार, तीही संपली. आता घाटंजी गाठूनही उपयोग नव्हता, आणि गाठायला मोटारसायकल कुठे होती? मी गोठ्यात धावलो. तीन रिकाम्या बाटल्या. एकीचं लेबल अर्धं फाटलेलं, औषधाचं नाव मात्र वाचता येत होतं. तिन्ही ओळीत मांडून फोटो काढला, विनोदला पाठवला. फोटोखाली घड्याळाचं चिन्ह आलं आणि तिथेच राहिलं. फोनची बॅटरी चार टक्के. तो खाली खोलीत राउटरशेजारी ठेवला. राउटरवर एकही दिवा नव्हता.

शिडी चढलो. टॉवर बंद आहे हे कळत होतं, तरी हात उत्तरेलाच पाईप हलवत होता. उजवीकडे, डावीकडे. ऊन डोक्यावर. मी रडत होतो, हे लिहायला मला लाज नाही. घरभाडं देणाऱ्या माणसाला घरचं जेवू घालणारा तो माणूस तिकडे डोळे मिटत होता, आणि माझ्या वहीतली एकही आकृती त्याच्या कामाची नव्हती.

"गो," खालून आवाज आला.

भीती वाटली का? वाटली. पण उत्तमभाऊ जातील ही भीती तिच्यापेक्षा मोठी होती. मी पाईपचा नट सैल केला आणि म्हटलं, "याडी, सांगा कुठे फिरवू. जिकडे म्हणाल तिकडे फिरवतो."

"गो... गो..." पूर्व गेली. "गो..." रान आलं, टेकड्या आल्या. एका जागी ती जोरात म्हणाली, "आयो!" मी पाईप दोन्ही हातांनी गच्च धरला. सोडला तर जाईल असं वाटत होतं. किती वेळ धरला, माहीत नाही. मग पहिल्यासारखंच, शांतपणे, "बस, हात काढ."

उतरलो. अंगण रिकामं. आत राउटरवर तिन्ही दिवे लागलेले. फोनवर फोटोखाली दोन टिक, माझ्या डोळ्यांदेखत निळ्या झाल्या. लगेच विनोदचा मेसेज आला, "भेटला. डॉक्टरले दाखवला." मी काही लिहिणार तोच दिवे एकेक करून विझले.

नंतर डॉक्टरांनी वहिनींना सांगितलं की औषधाची नावं कळल्यावर इलाज बदलला, आणखी उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. उत्तमभाऊ अकरा दिवस दवाखान्यात होते. अकराही दिवस आमच्या यवतमाळच्या घरून डबा जात होता. माझ्या वडिलांनी हा सगळा प्रकार ऐकला. पेपर हातातच होता, पण उघडला नाही.

मास्तर असल्यामुळे मी तपास केलाच. टॉवर सांभाळणारा माणूस घाटंजीत भेटला. त्या दिवशी टॉवर संध्याकाळी पाचनंतरच सुरू झाला, असं त्यानं सांगितलं. माझा फोटो पोचल्याची वेळ दोन वाजून सोळा मिनिटं. दक्षिणेला आपला टॉवर नाही, दुसऱ्याचा असेल तर तो टेकड्यांच्या पार, आणि तो तुमच्या अँटेनाला दिसायचा नाही, असंही म्हणाला. मी त्यानंतर दहा-बारा वेळा पाईप त्याच खुणेवर नेऊन पाहिला. एकदाही एक दिवा लागला नाही. कधीकधी वातावरणात सिग्नल वाकतो, लांबचा टॉवर थोडा वेळ मिळतो, हे मी वाचलंय. असेल तसंही. पण ते मला पत्र्यावर सांगितलं कोणी?

उत्तमभाऊ घरी आले तेव्हा पार वाळले होते. नजर अजून धूसर होती. त्यांच्यापुढे कुणी हा विषय काढत नव्हतं. चार-पाच दिवसांनी दुपारी ते ओट्यावर बसले होते, मी शाळेतून आलो. त्यांनी मला जवळ बसवलं.

"सर, मी याडीचा एकुलता. ती गेली तवा मी कापूस घेऊन ढानकीच्या बाजारात होतो. शेवटचं बोलनंच नाही झालं. आता तं तिचा आवाजही ध्यानात नाही राह्यला. रोज आठवून पाहतो, नाही येत." मग म्हणाले, "तुमी आयकला. एकडाव बोलून दाखवा, तिच्यावाणी."

मी पन्नाशीचा माणूस. नक्कल कधी केली नाही, गॅदरिंगमध्येही नाही. इकडेतिकडे बघितलं. मग घसा बारीक करून म्हटलं, "गो... गो... आयो."

त्यांनी डोळे मिटले होते. मान हलवली. "आयो लांब म्हने ती. वढून."

मी पुन्हा म्हटलं, ओढून, जसं पत्र्यावर ऐकलं होतं तसं. त्याच वेळी सुनीतावहिनी दळणाचा डबा घेऊन आतून दाराशी आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, उत्तमभाऊंकडेही नाही. सासूसमोर आल्यासारखा त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि तशाच खाली मान घालून उभ्या राहिल्या. उत्तमभाऊंच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि चेहरा मात्र हसरा होता.

"हेच," ते म्हणाले. "हेच व्हय, सर."

मी मुलांना सांगतो, उत्तर येत नसेल तर पानंच्या पानं भरू नका, सरळ लिहा की माहीत नाही. तर मला माहीत नाही. याडी, तुम्हाला मी पहिल्या खेपेला ऐकलं नाही, त्याची माफी. दुसऱ्या खेपेला तुम्ही पुन्हा आलात, त्याचे आभार. आत्ता मी हे खोलीत बसून लिहितोय आणि बाहेर उत्तमभाऊ बैलांना पाणी पाजताहेत.