पैलवानबाई निवडणुकीला उभी राहते

माझी आई पैलवान होती. पैलवानाची बायको नव्हे, पैलवानाची मुलगी तर होतीच, पण स्वतः मातीत उतरून कुस्ती खेळणारी. एकोणीसशे साठच्या दशकात कामठी, कन्हान, मौद्याच्या कुस्त्यांच्या दंगलीत तिची जोड लागली की गावं रिकामी व्हायची. तिला चीत झालेलं कुणी पाहिलं नाही. समोर यायला बाया उरल्या नाहीत तेव्हा आजोबांनी तिला पुरुषांशी लढवलं. तेही पडले. माझे बाबा गिरणीत होते, स्वभावाने गरीब. संसारात भांडण कसं असतं ते आपल्याला ठाऊकच नाही, पहिल्याच दिवशी आपण चीत झालो, असं ते हसत सांगायचे.

मग माझा जन्म झाला, पुढे तिचा गुडघा गेला आणि कुस्ती सुटली. नाव मात्र सुटेना. गांधीबागेच्या बाजारातल्या एका ठोक कापडवाल्याने तिला कामावर ठेवलं ते गठ्ठे उतरवून घ्यायला, पण बसवायचा दुकानाच्या दाराशी, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल अशी. बाहेरगावचे व्यापारी माल बघण्याआधी तिला बघत. कुणी मनगट धरून बघू का म्हणे. ती हात पुढे करायची. मी शाळेतून घरी येऊन तिचा जेवणाचा डबा घेऊन जायची आणि ते दृश्य दिसलं की डबा गल्ल्यावर आदळून उलट पावली परत यायची. एवढ्या मोठ्या नावाचा उपयोग काय, तर मांजरपाट खपवायला! हा विचार मला सुखाने बसू देत नसे. आईला विचारलं तर ती म्हणे, "त्याले पाह्यचं हाये तं पाहू दे ना. माझं काय झिजून राहिलं?"

माझंच झिजत होतं. मी कुठेही गेले तरी पैलवानबाईची पोरगी. कॉलेजात नाव घातलं तर पहिल्याच दिवशी एका मुलाने दंड ठोकून दाखवला.

आमच्या वस्तीत संडास नव्हता. पुरुष कुठेही जात. बाया पहाटे अंधारात नाल्यापलीकडे जात. तिथे बेशरमाची झाडं माजलेली. झाडाचं नाव बेशरम आणि आमची लाज झाकायला तेवढंच होतं. नाल्याच्या पुलावर टवाळ पोरं येऊन बसत, शिट्ट्या मारत, कधी दगड टाकत. म्हणून बाया एकेकट्या जात नसत. त्या आधी आमच्या दाराशी जमत. "चाल वं पैलवानबाई," अशी हाक आली की आई उठे, पदर खोचे आणि सगळ्यांत पुढे चालू लागे. ती सोबत असली की पूल रिकामा असायचा. एकदा एक जण तरीही बसून राहिला होता. तिने त्याला उचलून नाल्यात बसवला. तेव्हापासून तिला नुसतं दिसावं लागे, काही करावं लागत नसे.

मी बी.ए.ला होते तेव्हा महापालिकेची निवडणूक आली. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता आई म्हणाली, "मी मेंबरकीले उभी राहून राहिली."

बाबांचा घास हातातच राहिला. "काहून वं?"

"बायांच्या संडासासाठी. मागच्या महिन्यात मी तापानं पडली होती ना, तं सगळ्या बाया पोट धरून घरात बसल्या. मले कोणी हात लावत नाही. पण मी नसली तं? हे काय जगणं हाये?"

मला इतका आनंद झाला की जेवण जाईना. शेवटी हे नाव दुकानाच्या दारातून उठणार होतं. मी रात्रंदिवस त्या प्रचारात पडले. भिंती रंगवल्या, पत्रकं वाटली, घसा बसला. समोर एक ठेकेदार उभा होता. त्याचा चेहरा पाहून त्याला कुणी ओळखलं नसतं. आई मात्र गल्लीत शिरली की पोरं, म्हातारी माणसं, चुलीपुढच्या बाया, सगळे बाहेर यायचे. मला वाटलं, आपण आत्ताच जिंकलो.

शनिवारी चौकात सभा ठेवली. गर्दी एवढी की पानठेल्याच्या छपरावर माणसं चढली होती. आई माइकसमोर उभी राहिली. तिला भाषण येत नव्हतं, पण मी लिहून दिलेलं बाजूला ठेवून ती आपल्या मनाने बोलू लागली. बायांना अंधाराची वाट का पाहावी लागते, दिवसभर पाणी पिताना हात का आखडतो, बाळंतीण नाल्यापलीकडे कशी जाते, हे तिने साध्या शब्दांत सांगितलं. पुरुष चुळबुळू लागले. मग मागून कुणी तरी म्हणालं, "पैलवानबाई, एक डाव होऊन जाऊ द्या."

सगळ्यांनी ते उचललं. "डाव, डाव," एवढंच ऐकू येऊ लागलं. एक दांडगा माणूस हसत मंचावर चढला आणि तिच्यासमोर हात पसरून उभा राहिला. आईने माझ्याकडे पाहिलं. मी मानेने नको म्हणत होते. तिने गर्दीकडे पाहिलं, पदर खोचला आणि तो माणूस पाठीवरून फिरवून अलगद फळ्यांवर झोपवला. दुखरा गुडघा असूनही तिला धाप लागली नव्हती. टाळ्या, शिट्ट्या, पोरांचा गोंधळ. ती परत माइककडे आली तोवर माणसं घरी निघाली होती. त्यांना हवं ते मिळालं होतं. संडासाचं बोलणं अर्धं राहिलं ते राहिलंच.

"तू काहून केलं वं माय?" मी घरी येऊन तिच्यावर चिडले.

"त्याईले तेवढंच समजते," ती म्हणाली आणि गुडघ्याला तेल चोळत बसली.

मला तरी बायांचा भरवसा होता. पुरुष तमाशा बघून गेले, पण बाया कुठे जातील? त्यांच्याचसाठी तर सगळं. शेजारची मावशी माझ्याबरोबर दारोदार फिरली होती, माझ्यापेक्षा मोठ्याने घोषणा देत होती. मतदानाच्या दिवशी तिने स्वतः बायांच्या रांगा लावल्या.

ठेकेदार निवडून आला. ते एक वेळ सोसलं असतं. पण आमच्याच वस्तीच्या पेटीत आईला मूठभर मतं पडली होती. मतमोजणीवरून बाबा पायीच परत आले आणि आडवे झाले. आई म्हणाली, "झोपा आता." मी झोपले नाही. कोणी कोणी फसवलं असेल, याची मनातल्या मनात चेहऱ्यांवर खूण करत पडले होते.

पहाटे दाराशी पावलं वाजली. "चाल वं पैलवानबाई."

माझं डोकं फिरलं. मी आईच्या आधी दार उघडलं. रोजच्याच सगळ्या बाया उभ्या होत्या, हातात पाण्याचे डबे. मी म्हणाले, "लाज नाही वाटत? मत ठेकेदाराले अन् हाक माझ्या मायले?"

काही बायांनी मान खाली घातली. मावशी मात्र पुढे आली. "नाही टाकलं मत. खोटं काहून बोलू? संडास देतो असं तं सगळेच मेंबर म्हणते. दिला का आजलोक कोणी? तुही माय मेंबर झाली असती, तं हापिसात गेली असती, मोटारीत फिरली असती. मंग पहाटे आमच्यासंगं कोण आलं असतं?"

ती भांडत नव्हती. अगदी सरळ विचारत होती. त्यामुळे मला अजूनच संताप आला. मागे वळले तर आई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी मी त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"आन् मी मेली तं?" तिने विचारलं.

"असं नोको बोलू वं," मावशी म्हणाली.

आईने डोळे पुसले, डबा भरला आणि पायऱ्या उतरली. मी तिचा हात धरला. "नोको जाऊ माय. एक दिवस तरी नोको जाऊ."

"त्याईनं कुठी जावं मंग?" तिने हात सोडवून घेतला आणि रोजच्यासारखी सगळ्यांच्या पुढे चालू लागली.

मी पायरीवर बसून राहिले. यांच्यासोबत पुन्हा पाऊल टाकायचं नाही असं ठरवलं. त्यांचं बोलणं दूर दूर जात होतं. उजाडायला थोडाच वेळ उरला होता. मग पोटात कळ आली. आधी मी दाबून धरली. दुसरी आली. एकटीने नाल्यापलीकडे जायची माझी छाती नव्हती.

मी डबा उचलला आणि अंधारात धावत सुटले. "माय, थांब वं, मी बी येऊन राहिली."