डॉक्टरांची खुर्ची

धाड गावच्या बाजारात दवाखाना असलेले आमचे डॉक्टर औषध लिहून झालं की उठतात, पेशंटला आपल्या खुर्चीत बसवतात आणि स्वतः स्टुलावर बसतात. "आता तुम्ही डाक्टर, मी पेशंट. सांगा मले, काय खाचं, काय नाही?"

मला हा पोरखेळ वाटायचा.

माझ्या आईला शुगर. तिनं खुर्चीतून त्यांना बजावलं, "गोड चहा बंद म्हंजे बंद!"

"हाव, मावशी." त्यांनी समोरचा अर्धा कप दूर सारला.

पुढच्या बाजाराला आईनंच आधी विचारलं, "चहा सोडला का, डाक्टरसाहेब?"

डॉक्टर ओशाळले. "दोन दिवस सोडला व्हता."

आई खुदकन हसली. "मीनंबी दोनच दिवस."

एवढ्या वर्षांत ती डॉक्टरशी पहिल्यांदाच खरं बोलली होती.