पहिला मान

पंचशीला नांदेडला एका लहान लेकरांच्या दवाखान्यात आया होती. नवरा, नागसेन, गेल्यापासून त्याच नोकरीवर तिनं घर ओढलं. दवाखान्यात नवजात बाळांना ऊब देणारं एक मशीन होतं आणि त्या मेल्याला बंद पडायची भारी हौस. ते बंद पडलं की दुरुस्तीवाला थेट हैदराबादहून यायचा. तोवर मशीनवर चादर टाकायची आणि बाळाला दुसऱ्या दवाखान्यात हलवायची पळापळ. पंचशीला घरी येऊन हेच गाऱ्हाणं गायची. लेक लुंबिनी ऐकायची आणि विचारत सुटायची. त्याच्या आत काय असतं? नांदेडात कुणालाच का जमत न्हाई? त्या माणसाला कुठं शिकवलं? आईचं डोकं खाऊन टाकलं पोरीनं.

त्यातूनच बायोमेडिकल इंजिनिअरिंगचं वेड लागलं. लातूरला अकरावी-बारावी करताना खोलीतल्या बाकीच्या पोरी डॉक्टरकीच्या मागं, ही एकटी बायोमेडिकल आणि रोबोटिक्स घेऊन बसलेली. सीईटीला मार्कही झकास पडले. मग उन्हाळाभर एकच काम, परवडणारं कॉलेज शोधायचं. खाजगी कॉलेजांची फी वाचली की मोबाईल पालथा ठेवायची आणि घोटभर पाणी प्यायची. अखेर दूरवरचं एक सरकारी कॉलेज सापडलं. फी माफ, राहायला वसतिगृह, शाखा नेमकी हवी तीच, आणि मागच्या सालचा कटऑफ हिच्या मार्कांच्या बराच खाली. आता सांगा, आयाच्या पोरीला आणखी काय पाहिजे? पंचशीलानं विहारात जाऊन मेणबत्ती लावली.

आणि मग तिनंच माती केली.

कॉलेजांचा पसंतीक्रम लुंबिनीनं भरून ठेवला होता, फक्त पक्का करायचा राहिला होता. शेवटच्या दिवशी ती टीसी आणायला लातूरला गेलेली. ओटीपी आईच्या मोबाईलवर यायचा, म्हणून नेटकॅफेवाल्या विनोदकडं आई गेली. निघताना थोरले दीर ज्ञानोबा भेटले. ते नांदेडातल्याच एका खाजगी कॉलेजात शिपाई. भावाच्या माघारी या माणसानं मायलेकींना उघडं पडू दिलं नव्हतं, त्यामुळं घरात प्रत्येक गोष्टीचा पहिला मान त्यांचा. बुद्धपौर्णिमेच्या खिरीची पहिली वाटीसुद्धा त्यांचीच. ते हसत म्हणाले, आमच्या कॉलेजचं नाव टाका की सगळ्यात वर, साहेबांपुढं माझी मान ताठ होईल. कुठली शाखा, तर कुठलीही. बिचाऱ्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं.

पंचशीलानं विनोदला ते नाव एक नंबरला टाकायला लावलं. शाखा यादीत वर दिसली ती, सिव्हिल; तिथं त्या शाखेच्या जागा दरवर्षी रिकाम्याच राहायच्या. विनोद म्हणाला, ताई, एक नंबर असा टाकू नका, पोरीला विचारा. तिनं ऐकलं न्हाई. तिचा हिशेब साधा होता. लग्नपत्रिकेवर थोरल्यांचं नाव आधी छापतात, म्हणून काय लग्न थोरल्यांचं लागतं? मान वेगळा, काम वेगळं. खाली पोरीचं सगळं जसंच्या तसं होतं की!

यादी लागली तेव्हा पहिल्याच फेरीत पहिल्या नंबरचं कॉलेज मिळालं, सिव्हिल. एक नंबरचं मिळालं की जागा आपोआप पक्की, पुढच्या फेऱ्या बंद. ती जागा सोडली तरी सरकारी कॉलेज त्या साली गेलंच. लुंबिनीनं दोनदा वाचलं. रडली न्हाई, भांडली न्हाई.

"आई, मला एक फोन करायचा होतास," एवढंच म्हणाली.

भाऊजींचा मान, असं काहीतरी पंचशीला पुटपुटली. आणखी एक वर्ष थांब, परत परीक्षा दे, असं तिनं नंतर म्हणून पाहिलं. पोरगी न्हाई म्हणाली. संध्याकाळी ज्ञानोबा पेढे घेऊन आले, सगळ्या कॉलेजात वाटून उरलेले, आणि साहेबांनी फीचे हप्ते पाडून दिल्याचं सांगितलं. त्यांना कुणी काही सांगितलं न्हाई. दोघींनी पेढा खाल्ला.

दिवाळीनंतर मशीन परत बंद पडलं. हैदराबादचा माणूस आला त्याच वेळी लुंबिनी आईचा डबा घेऊन पोचली. पोरी, जरा टॉर्च धर, म्हणाला तो. तिनं धरली. त्यानं झाकण उघडलं, वायरी बाजूला केल्या, आतली सर्किटची पाटी बाहेर काढली. पंचशीला चादर पोटाशी धरून उभी होती. आता विचारील, आता काहीतरी विचारील, म्हणून लेकीच्या तोंडाकडं बघत होती. जन्मभर जिनं डोकं खाल्लं, तिनं आज एकदा तरी खावं, एवढंच तिला पाहिजे होतं.

मशीन चालू झालं. लुंबिनीनं टॉर्च बंद करून त्याच्या हातात दिली.

"जाते आई," ती म्हणाली. "उद्या सिमेंटचं प्रॅक्टिकल हाय."