आतड्यातले भाडेकरू आणि काकूंचं विरजण

इंग्लंडमध्ये, रीडिंगला आल्यापासून माझं वजन वाढतच गेलं. नवरा म्हणायचा, "थंडी आहे, अंगावर थोडं असावं." तो स्वतः काडीपैलवान, त्यामुळे त्याचा सल्ला मी कधी मनावर घेतला नाही. पण ऑटममध्ये जीपीच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या, नर्सने रक्त तपासलं आणि साखर अगदी काठावर आल्याचं सांगितलं. वजन उतरवा, स्प्रिंगमध्ये पुन्हा बघू, म्हणाली. मी घाबरले. माझ्या बाबांची नजर साखरेनेच गेली होती.

मग आहारतज्ज्ञ बाईंचा व्हिडिओ कॉल झाला. त्या माझ्या आतड्याबद्दल अशा जिव्हाळ्याने बोलत होत्या, जणू माझ्या माहेरची विचारपूस चालली होती. आतड्यात असंख्य जिवाणू राहतात. भाज्या-कडधान्यांतला चोथा हे त्यांचं जेवण. तो मिळाला नाही तर त्यांतले काही आतड्याच्या अस्तरावरचा बुळबुळीत थरच खायला लागतात. थर पातळ झाला की नको ते रक्तात झिरपतं, शरीरात धुसफूस सुरू राहते, आणि तिचा वजनाशी, साखरेशी संबंध असावा असं संशोधकांना वाटतं. "पण सगळा दोष त्यांचा नाही हं," बाईंनी बजावलं. मला मात्र तो ढकलायला कोणीतरी मिळाल्याचा आनंद झाला. म्हणजे मी घरात भाडेकरू ठेवले, त्यांना दुपारच्या स्वस्त मील डीलच्या पांढऱ्या सँडविचवर उपाशी मारलं, आणि ते बिचारे भिंतीचा गिलावा खात बसले!

उसळी खा, भाज्या खा, घरचं दही खा, असं ठरलं. दही म्हटल्यावर मला वरच्या गल्लीतल्या काकू आठवल्या. काकांच्या माघारी त्या एकट्याच राहतात आणि त्यांचं दही इथल्या मराठी मंडळात नावाजलेलं. संध्याकाळी ट्रेनमधून उतरून मी डबा घेऊन थेट त्यांच्या दारात उभी राहिले.

काकूंनी खिडकीबाहेर पाहिलं. "दिवेलागण झाली. आता विरजण देत नाहीत."

"काकू, डिसेंबर आहे! इथे चारलाच काळोख होतो. मी ऑफिसमधून येणार कधी?"

"ते सूर्याला विचार. आलीच आहेस तर जेवून जा."

वीकेंडला त्या हॅरोला लेकीकडे जायच्या, म्हणजे तीही वाट बंद. मग रोज संध्याकाळी मी चढ चढून जायची, काकू खिडकीबाहेर बघायच्या, आणि मी मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी, वाटीभर दही जेवून रिकामा डबा घेऊन परत यायची. "विरजणच आणतेस ना?" नवरा म्हणायचा. "का आधी गाय शोधायची आहे?"

स्प्रिंग आला. साखर काठावरून मागे सरली होती, वजनही उतरलं होतं. उसळीने, चालण्याने की मील डील सुटल्याने, ते नर्सलाही सांगता येईना. मी धावतच काकूंकडे गेले. संध्याकाळ असूनही बाहेर लख्ख ऊन होतं. काकूंनी रिपोर्ट ऐकला, मीठ-मोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली, आणि न मागता विरजणाची वाटी माझ्या हातात ठेवली.

"घे. आता तुझं तू लाव. कशाला रोज एवढा चढ चढायचा."

"आणि तुम्ही?"

"माझं काय, एकटीला दूध-पोहे पुरतात."

इतके महिने मी माझ्याच पोटाचा विचार करत होते. मी वाटी त्यांच्या फ्रिजमध्ये परत ठेवली आणि विचारलं, "उद्या कसली उसळ?"

काकूंनी ओट्याकडे बोट दाखवलं. "वाल भिजत घातलेत सकाळीच," त्या म्हणाल्या. "दोघींपुरते."