कापलेलं पॅकिंग

लष्कर मोहल्ल्यात माझा मोटारदुरुस्तीचा छोटा कारखाना होता. आमच्या घराण्यात सगळे दक्षिणेतल्या संस्थानच्या घोडदळातले. मोटारींना हात लावणारा पहिला मीच. त्यामुळे "जमेल ना तुला?" असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरायचं.

एका सकाळी एका निवृत्त अंमलदारांनी बोलावलं. त्यांची गाडी रस्त्यावर बरी धावायची, पण उभी केली की थरथरून बंद पडायची. ड्रायव्हर पायानं पेट्रोल देत देत ती कशीबशी चालू ठेवी. मालकांना ते जमेना, म्हणून महिनाभर त्यांनी स्टिअरिंग धरलंच नव्हतं.

ड्रायव्हर आमच्याच मराठी लोकांतले, वडिलांच्या वयाचे. पूर्वी ते याच मालकांची घोडागाडी हाकायचे. मी त्यांना काका म्हणायचो. त्या दिवशी ते माझ्याशी धड बोलले नाहीत. बॉनेट उघडून दिलं आणि बाजूला उभे राहिले.

मी प्लग काढून पुसले. ठिणगी चांगली होती. कार्बुरेटरमधला कचरा फुंकून काढला, स्क्रू पिळून पाहिला. इंजिनाचे हिसके चालूच. मग कार्बुरेटर इंजिनाला जोडतो त्या सांध्यावर तेलाचे चार थेंब सोडले. इंजिन क्षणभर नीट चाललं, पुन्हा थरथरलं. म्हणजे तिथून हवा आत ओढली जात होती.

सांधा खोलला. आतलं, हवा अडवणारं पॅकिंग झिजलेलं नव्हतं. त्याला सरळ, स्वच्छ काप होता, पात्यानं घातलेला.

मान वर केली, तर काका माझ्याकडेच बघत होते. त्यांनी अगदी हळू मान हलवली. नको.

"सापडलं का रे?" मालकांनी पडवीतून विचारलं. मी नव्हतो त्या बाजूला बघून ते बोलत होते. मला ते दिसलं, पण उमगलं नाही.

"सापडलं, स्वामी!" मी ताठ्यात म्हणालो.

काप कुणी घातला ते मी बोललो नाही, एवढंच. नवं पॅकिंग बसवलं, इंजिन एका लयीत चालू लागलं. मालक खूश झाले. "उद्या सोसले गावच्या मठात मीच गाडी नेतो."

काका मला फाटकापर्यंत सोडायला आले.

"अय्यो, काय केलंस हे! त्यांना दिसत नाही रे. महिन्यापूर्वी समोरची म्हैस दिसली नाही, मी ओरडलो म्हणून वाचलो. डोळ्यांचं बोललेलं त्यांना खपत नाही. म्हणून मीच ते कापलं."

"मी आत जाऊन सांगतो."

"काय सांगशील? ड्रायव्हरनं गाडी बिघडवली?"

मी म्हणालो, "निदान तुम्ही तरी उद्या जाऊ नका."

"मग त्यांच्या शेजारी कोण बसणार?"

दुसऱ्या दिवशी माझं हातातल्या कामात लक्ष नव्हतं. रस्त्यावर कुणी पळालं तरी दचकायचो. दुपारी बातमी आली. वळणावर गवतानं भरलेली बैलगाडी समोर आली आणि मालकांना ती दिसलीच नाही. काकांनी स्टिअरिंग आपल्याकडे ओढलं. गाडी झाडावर आदळली, ती काकांच्या बाजूनं. मालकांना खरचटलं. काकांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मी दवाखान्यात गेलो, तेव्हा मालक खाटेशी बसून येईल त्याला सांगत होते, "बैल बुजले."

"हो, बैलच बुजले," काका म्हणाले. मालक बाहेर गेल्यावर मला जवळ बोलावून म्हणाले, "तू कुठं बोलू नकोस, बरं का."

मी बोललो नाही. मालकांनी पुन्हा गाडी चालवली नाही आणि कारणही कुणी विचारलं नाही. नवा ड्रायव्हर ती अधूनमधून माझ्याकडे आणायचा. मी नीट करून द्यायचो, आणि त्या दिवशी काकांच्या घराची गल्ली टाळून, लांबच्या वाटेनं घरी जायचो.