पॅनलच्या मागची पट्टी

लाइट गेली की आमच्या मायचा श्वास अडकायचा. तिला दम्याचा जुना आजार, आणि वाफेचं मशीन चालायचं लाइटवर. आमची वस्ती शेतात, जाफराबादपासून बरीच आत. लाइट गेली की दादा, म्हणजे माझे वडील, तिला मोटारसायकलवर बसवायचे, मी मागून धरायचे आणि तसाच दवाखाना गाठायचो. तिथल्या बाकावर वाफ घेताना ती माझा दंड इतका घट्ट धरायची की वळ उठायचे.

मी बी.एस्सी. झाले, घराण्यात पहिली. शाळेत विज्ञान शिकवायला लागल्यावर उन्हावर चार्ज होणारं पॉवर स्टेशन घेतलं, म्हणजे हँडल असलेला बॅटरीचा डबा, आणि त्यासाठी दोन सोलर पॅनल. मायचं मशीन त्याच्यावर चालणार होतं. जोडायला दादांनी वायरमनला बोलावलं.

वायरमन कुठल्याच खात्यात वायरमन नव्हता. आसपासच्या मळ्यांतले सोलर पंप त्यानं जोडले होते, एवढंच. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. खिशाला टेस्टर, तोंडात सुपारी आणि समोरच्याचं बोलणं अर्ध्यात तोडायची घाई. तोंडावर मी त्याला मामा म्हणायचे, अहो-जाहो करायचे. इथं करणार नाही.

आल्या आल्या त्यानं पॅनलच्या काचेवर बोटांनी टकटक केलं, डॉक्टर पाठ ठोकून बघतात तसं. "माल बराबर आहे." हे तो प्रत्येक पॅनलला म्हणायचा. फुटक्यालाही म्हटलं असतं.

"मामा, डब्यावर लिहिलंय, साठ व्होल्टच्या वर द्यायचं नाही," मी म्हणाले.

"चोवीस व्होल्टचे पॅनल हायेत बाई. एकामागं एक जोडले तर चोवीस न् चोवीस अठ्ठेचाळीस. मंग?"

"चोवीस हे नुसतं बाजारातलं नाव असतं. खरा आकडा मागच्या पट्टीवर..."

"बाई, ह्या शिवारातल्या मोटारी म्या जोडल्यात. तुमी चहा ठेवा."

दादा हसले. "जोडू दे पोरी. त्यायला कळतं." आणि मी, फिजिक्स घेऊन पहिल्या वर्गात पास झालेली, आत जाऊन चहा ठेवला. त्या चहाचा मला अजून राग येतो.

पंपाला पॅनल साखळीसारखे एकामागं एक जोडतात, कारण पंपाला व्होल्ट जास्त लागतात. त्याला तेवढी एकच जोडणी येत होती. मागच्या पट्टीवर एकेका पॅनलचे पंचेचाळीस व्होल्ट लिहिले होते. पंचेचाळीस आणि पंचेचाळीस नव्वद. चहाला उकळी यायच्या आत बाहेर टक् असा आवाज झाला, मग जळक्या प्लास्टिकचा वास.

"डबाच हलका निघाला," तो म्हणाला. चहा मात्र प्यायला. बशीत ओतून, फुंकून, दोन कप.

डबा दुरुस्तीला जालन्याला गेला तो महिनाभर आला नाही. दिवस थंडीचे. त्या महिन्यात माय दोनदा भरती झाली. दुसऱ्या वेळी तिची नखं निळी पडली होती. वायरमन भेटायला आला, केळी घेऊन. खाटेजवळ उभा राहून म्हणतो, "कंपन्या लई फसवून राह्यल्या आजकाल."

मायनं तोंडावरचा मास्क बाजूला केला. "पाणी दे गं त्यायला."

दिलं. हातात नाही दिलं, टेबलावर ठेवलं.

डबा परत आला तेव्हा मी कुणालाच बोलावलं नाही. दोन्ही पॅनल पालथे केले, पट्टी दादांना वाचून दाखवली. मग प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडलं. असं जोडलं की व्होल्ट पंचेचाळीसच राहतात. वाढतो तो करंट, आणि आमचा डबा त्यातला लागेल तेवढाच ओढतो, हे त्याच्या पुस्तकात मी दोनदा वाचून घेतलं होतं.

वायरमन बांधावर उभा राहून बघत होता. "वायर जळंल," म्हणाला. वायर मी मुद्दाम जाड आणली होती. जळली नाही.

दादा जनावरं सोडायला गेले तसा तो जवळ आला. आवाज खाली करून म्हणाला, "बाई, त्या पट्टीवर काय काय लिहेल असतं?"

तेव्हा मला कळलं. पट्टी इंग्रजीत. त्याला ती वाचता येत नव्हती, म्हणून तो कधी पॅनल पालथा करतच नव्हता. वाईट वाटलं, पण क्षणभरच. वाचता न येणं हा गुन्हा नाही, माझ्या दादांनाही येत नाही. पण दादा न कळणाऱ्या गोष्टीला हात लावायच्या आधी विचारतात. ह्यानं विचारायचं सोडून मला चहाला पाठवलं, आणि त्याची किंमत माझ्या मायच्या छातीनं मोजली.

तरी सांगितलं. व्होल्टच्या आकड्याआधी कुठली अक्षरं असतात, ती मातीत काडीनं काढून दाखवली. तो उकिडवा बसून बराच वेळ ती बघत राहिला. ओठ हलत होते. आभार वगैरे काही नाही. उठला आणि गेला.

पुढं तो पुण्याला मुलाकडं गेला, परत आला नाही. वस्तीवर कुणाची मोटार बंद पडली की लोक अजून म्हणतात, "वायरमन पाह्यजे होता."

या हिवाळ्यात लाइट रोज जात होती. मायनं घरच्या खाटेवर बसून वाफ घेतली आणि एकदाही भरती झाली नाही. जोडणी मी केलेली आहे.