नावेतला माणूस आणि ताईची पर्स

चुका काढणं आमच्या घराण्यात चालत आलेलं आहे. माझे वडील पंगतीत बसले की आधी पानाची डावी बाजू तपासायचे; मीठ, लिंबू, चटणी आपापल्या जागी नसली तर वाढणाऱ्याला हाक जायची. मी लेखापरीक्षणात नोकरीला लागलो आणि तेच काम पगारावर करू लागलो. माझी मुलगी एक पायरी वर गेली. ती परदेशी लोकांच्या चुका काढते आणि ते तिचे आभार मानतात. माझे आजवर कुणी मानलेले नाहीत.

तिचं काम व्हिडिओ गेम तपासण्याचं. खेळ परदेशातल्या कंपनीचा असतो. त्यातली झाडं आणि घरं हैदराबादेत तयार होतात, माणसांची चाल आणखी कुठल्या तरी देशात बसवतात. लग्नात मांडव एकाकडे, आचारी दुसऱ्याकडे आणि घोडी तिसऱ्याकडे असते, तसं. हे सगळं जोडल्यावर कुठे काय निसटतंय ते पाहायचं कंत्राट पुण्याच्या एका कंपनीनं घेतलं आहे, आणि त्यातला एक वाटा इकडे उत्तरेत, कंपू मोहल्ल्यातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत येतो.

"यात आपला खेळ कोणता?" असं मी सुरुवातीला विचारलं होतं.

"बाबा, आपल्याकडे पण बनतात. पण मोठे खेळ त्यांचेच. अभी तो हम हाथ बँटाते हैं."

म्हणजे पंगत त्यांची आणि वाढपी आपण.

मुलगी तेव्हा प्रोबेशनवर होती. पक्की झाली तर घरूनच काम. नाही तर पुण्याला जाऊन, ऑफिसात साहेबाच्या नजरेखाली बसून, काम पुन्हा शिकायचं. शिक्षणासाठी ती आधी पुण्यात राहून आली होती आणि तिला परत जायचं नव्हतं. कारण विचारलं तर म्हणायची, "तिथे मला कुणी ओरडून जेवायला बोलवत नाही." आमच्या घरात बोलवतात. हाक आली की हातातलं असेल तसं टाकून उठायचं, असा तिच्या आईचा नियम आहे.

त्या वेळचा खेळ एका टपालवाल्याचा होता. टोपी घातलेला हा माणूस डोंगराळ मुलखात पत्रं वाटत फिरतो आणि मधली नदी नावेनं ओलांडतो. सुट्टीच्या दिवशी मी शेजारी खुर्ची टाकून बसत असे. पहिल्याच बैठकीत मला तीन आक्षेप सापडले. सूर्य डोंगरामागे मावळतो आणि झाडांची सावलीही डोंगराकडेच पडते. बेकरीत पाव आहेत, भट्टी नाही. नावाडी कुणाकडूनच उतराईचे पैसे घेत नाही. मुलीनं नाइलाजानं सावलीचा आक्षेप पाठवला. उत्तर आलं की ते असंच ठेवायचं आहे. या उत्तराशी माझी जुनी ओळख आहे. कार्यालयं आम्हाला "प्रचलित पद्धतीनुसार" असं लिहून पाठवतात.

तिच्या कामाची रीत मात्र मला पटली. चूक सापडली की तीन गोष्टी लिहायच्या: काय केलं, काय व्हायला हवं होतं, आणि काय झालं. शिवाय दुसऱ्या माणसानं तेच केलं तर तेच घडलं पाहिजे. घडलं नाही तर ती चूक धरत नाहीत. ही रीत माझ्या बायकोनं लगेच उचलली.

"यांना बाड्यावर बाजारात पाठवलं," ती मुलीला सांगायची. "कोथिंबीर यायला हवी होती. मेथी आली. आणि दर वेळी येते. वाटलं तर तुझ्या साहेबांना पाठवून पाहायला सांग."

मग एके दिवशी तो टपालवाला बुडाला.

ती नाव या काठावरून त्या काठावर सारखी ये-जा करते. तुम्ही उतरलात तरी, नाही उतरलात तरी. मुलगी त्याला नावेत चढवून जेवायला उठली होती. परत येऊन पाहते तर तो नदीच्या तळाशी चालतोय. वर येता येईना, मरेना, आणि खेळानं तीच जागा जपून ठेवलेली; बंद करून पुन्हा उघडलं तरी तो तळाशीच. म्हणजे खेळणाऱ्याची तोवरची सगळी मेहनत पाण्यात. अशी चूक पहिल्या प्रतीची धरतात. तिनं हुरूपानं लिहून पाठवली. परत आली: "इथे घडत नाही." तिनं पुन्हा पाठवली, पुन्हा परत आली. तिसऱ्यांदा पुण्याच्या साहेबाचा फोन आला. न घडणाऱ्या गोष्टी लिहून पाठवायची सवय असेल तर तिनं काही महिने पुण्याला येऊन बसावं, असं तो गोड शब्दांत म्हणाला.

मुलगी रडकुंडीला आली. तेच पुन्हा घडावं म्हणून माणसाला नावेत उभं करून आम्ही जेवलो, चहा प्यायलो, एकदा तर शेजारच्या बारशाला जाऊन आलो. तो कोरडा ठणठणीत.

"ज्या दिवशी बुडाला त्या दिवशी वेगळं काय होतं?" मी विचारलं.

"काही नाही बाबा. भात, आमटी, पुऱ्या, श्रीखंड."

"रोज श्रीखंड असतं?"

बायको म्हणाली, "अहो, त्या दिवशी वन्सं आल्या होत्या ना."

वन्सं म्हणजे माझी थोरली बहीण. गावातच किला गेटला राहते. जेवायला येते आणि जेवणापेक्षा बोलणं जास्त होतं.

"मग आत्याला काय अहवालाच्या स्टेपमध्ये टाकू?" मुलगी चिडून म्हणाली.

मी म्हणालो, "परिस्थिती तीच पाहिजे तर सगळीच तीच पाहिजे." आणि ताईला फोन केला.

ताई आली ती संशय घेऊनच. "सण नाही, वार नाही आणि श्रीखंड?" असं म्हणत ती तडक मागच्या खोलीत गेली. मी मागोमाग होतोच. पुढच्या खोलीत ती पर्स ठेवत नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेला पडते म्हणून. जमिनीवर ठेवत नाही, कारण लक्ष्मी जमिनीवर ठेवू नये. पलंगावर ठेवली तर कुणी तरी त्यावर बसतं. राहिलं मुलीचं टेबल, आणि त्या टेबलावर मोकळी सपाट जागा एकच: कीबोर्ड. ताईनं पर्स त्यावर ठेवली, दोनदा थोपटली आणि हात धुवायला गेली.

चालायचं बटण दाबलं गेलं आणि आधीच नावेत चढवून ठेवलेला टपालवाला कठड्याला छाती लावून जागच्या जागी चालू लागला.

मुलीनं पर्स उचलायला हात पुढे केला. मी तो धरला.

"राहू दे."

"पण बाबा, मागल्या वेळी पर्स नव्हती इथे. मी परत आले तेव्हा—"

"तेव्हा ताई पर्स घेऊन गेली होती. तू तिला खालपर्यंत पोचवायला गेली होतीस."

जेवायला बसलो. नाव काठाला लागली की धक्क्याचा आवाज यायचा आणि आम्ही तिघंही माना वळवायचो.

"आत कोण आहे?" ताईनं विचारलं.

"कुणी नाही."

"मग सगळे तिकडे काय पाहताय? मुलगा आलाय का हिला पाहायला? मला आधी सांगायचं नाही?"

"आत्या, एक माणूस नावेत उभा आहे," मुलगी म्हणाली.

"केव्हाचा?"

"तू आल्यापासून."

"मग बसायला सांग की त्याला."

ताईनं तिच्या नणंदेच्या सुनेची हकीकत काढली. ती संपत आली तेव्हा आतून बुडबुडे फुटल्यासारखा आवाज झाला. मुलगी खरकट्या हातानंच धावली. दर धक्क्याला तो माणूस कठड्यात थोडा थोडा रुतत गेला होता आणि शेवटी पलीकडे निघाला होता. आता तळाशी शांतपणे चालत होता.

"अरे, ये तो डूब गया," ताई म्हणाली. "आणि तुम्ही हसताय काय?"

मी पर्सचं वजन करायला मागितलं. ताईला ते लागलं. "तुझ्या मेव्हण्यांनी कधी हात लावला नाही माझ्या पर्सला, आणि तू काट्यावर ठेवतोस?"

"उघडत नाही. नुसतं वजन."

दीड किलोच्या वर काटा गेला. आत काय आहे ते तिनं आपणच सांगितलं: सुपारीचा अडकित्ता, किल्ल्यांचा जुडगा, पाण्याची बाटली आणि तिळाच्या गजकचा डबा. मुलीनं अहवालात "बटणावर एक वजन" एवढंच लिहिलं होतं. मी म्हणालो, असं मोघम लिहिलं तर ते पेन्सिल ठेवतील आणि घडत नाही म्हणतील. मग तिनं पूर्ण लिहिलं: भरलेली पर्स, वजन अमुक, पाहुण्यांचं दुपारचं जेवण संपेपर्यंत ठेवणे.

या वेळी उत्तर आलं ते आभारांचं. तिकडे एवढी जड पर्स कुणाचीच निघाली नाही. त्यांनी बटाट्यांची पिशवी ठेवली, आणि माणूस बुडाला.

पण या धंद्यात चूक सापडून काम संपत नाही. दुरुस्ती झाल्यावर जिनं चूक काढली तिनंच सगळं पहिल्यासारखं पुन्हा करून ती गेल्याची खात्री द्यायची असते, आणि पुण्याच्या साहेबानं मुलीचं पक्कं होणं या खात्रीवर टांगून ठेवलं होतं. ताईला पुन्हा बोलावलं, या वेळी कारण सांगून. ती ठेवणीतली साडी नेसून आली.

"वजन तेवढंच आहे," ती मला म्हणाली. "वाटेत तहान लागली म्हणून बाटली अर्धी झाली होती. खालच्या नळावर भरून आणली."

चुका काढणं घराण्यातलं आहे, हे मी आधी म्हटलंच आहे. पर्स कीबोर्डवर गेली. श्रीखंड वाढलं. नणंदेच्या सुनेची हकीकत ताईनं मुद्दाम पहिल्यापासून सांगितली, मध्ये काही गाळलं का हेही विचारलं. नाव धक्के खात राहिली. आवरून झालं तरी टपालवाला कठड्याच्या आतच होता. मुलीनं तसं लिहून पाठवलं.

ताई पडद्यासमोर उभी होती. "आमचं जेवण झालं, भांडी झाली, आणि हा अजून उभाच. कुणी पाणी तरी विचारलं का त्याला?"

मुलीनं पर्स उचलून तिच्या हातात दिली आणि त्याला काठावर उतरवलं.

संध्याकाळी पुण्याहून कागद आला. पक्की, काम घरून. मुलीनं तो मोठ्यानं वाचला आणि मी तारखेसकट पुन्हा वाचला. बायकोनं फक्त विचारलं, "म्हणजे जेवायला इथेच ना?"

"इथेच, आई."

"मग हाक मारली की उठायचं. नाव काठाला लागायची वाट पाहायची नाही."